पडक्या घराचा मालक नंतर शोधा, आधी त्रास लिहून काढा

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या गावात श्रावणाची झड लागली की मधल्या गल्लीतून लेकरांना शाळेत जाऊ देत नसत. दोन गल्ल्यांचा वळसा घालून पाठवत. कारण त्या गल्लीत एक वाडा होता. वाडा म्हणजे त्याच्या दोन भिंती. छत कधीच बसलं होतं, आत उगवलेलं निंबाचं झाड भिंतींच्याही वर गेलं होतं आणि ओसरीच्या जागी गाजरगवत माजलं होतं.

पोळ्याच्या चार दिवस आधी रात्री भिंतीचा एक भाग कोसळला आणि शेजारी बांधलेली शेळी दबून मेली. शेळी एका एकट्या राहणाऱ्या बाईची होती, तिचं दूध विकून तिचा तेल-मिठाचा खर्च निघायचा. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "वाडा कोणाचा हाय?" म्हाताऱ्या मालकाची मुलंही वारली होती. नातवंडांपैकी एक नागपूरला, एक पुण्याला, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. "मंग त्यायलेच इचारा," कोणीतरी म्हणालं आणि बैठक तिथेच संपली. मीही त्या बैठकीत होतो आणि मीही उठून घरी आलो.

त्यानंतर या विषयाची कागदपत्रं वाचली, तहसीलच्या चकरा मारल्या, जाणकारांना विचारलं. त्यातून जे कळलं त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की आपण त्या दिवशी प्रश्नच चुकीचा विचारला होता. घर कोणाचं, हा एक प्रश्न. त्या घराचा लोकांना धोका आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळायला पिढ्या जातात. दुसऱ्याचं उत्तर मिळवण्यासाठी कायद्याने पहिल्यावर अडून राहायला सांगितलेलंच नाही.

आधी हे का होतंय ते पाहू. विदर्भातल्या बहुतेक गावांत जुनं गावठाण पांढऱ्या मातीवर वसलेलं आहे. घरं मातीच्या भिंतींची, वर कवेलू किंवा धाबं. असं घर दरवर्षी हात मागतं. उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, पावसाआधी पाट मोकळे करावे लागतात. घरात माणूस असेल तर हे आपसूक होतं. आता शिकलेली मुलं नागपूर, अमरावती, पुण्याकडे गेली. जी गावात राहिली त्यांनी घरकुल मंजूर झालं की डांबरी रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागेवर सिमेंटचं घर बांधलं. गाव बाहेरच्या बाजूला वाढत गेलं आणि मधलं गाव रिकामं झालं.

रिकामं मातीचं घर फार लवकर मरतं. माकडांनी चार कवेलू फोडले की तिथून पाणी थेट भिंतीच्या डोक्यावर पडतं. मातीच्या भिंतीचा वैरी पाणीच. वरून भिंत भिजते, खालून पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी तिचा पाया खंगतो. भिजलेल्या मातीचं वजन वाढतं आणि ताकद कमी होते. म्हणूनच कित्येकदा भर पावसात न पडलेली भिंत झड उघडून ऊन पडल्यावर दुसऱ्या दिवशी पडते. लोकांना वाटतं धोका टळला, आणि नेमकी तेव्हाच लेकरं तिच्याखालून जातात. हे लक्षात ठेवा, पुढे अर्ज लिहिताना उपयोगी पडतं.

धोका फक्त भिंतीचा नाही. ओसाड जागेत उंदीर-घुशी वाढतात, त्यांच्यामागे नाग, घोणस, मण्यार येतात. फुटक्या मडक्यात, टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे खूप रुग्ण आढळले होते. तो ताप गवता-झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक किड्याच्या चावण्याने येतो आणि हे किडे उंदरांच्या आधाराने वाढतात. वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो, उशीर झाला तर माणूस दगावतो. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे तर गावाच्या कडेच्या पडीक जागेत माजलेली झुडपं ही निव्वळ अस्वच्छता राहत नाही. बिबट कुत्र्यांच्या मागे गावात येतो आणि दिवसा दडायला त्याला अशीच जागा लागते.

आणि मग माणसं येतात. ज्या जागेवर कोणाची नजर नाही तिथे संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो, सट्टापट्टी चालते, मोहाच्या दारूच्या पिशव्या पडतात. बाया त्या वाटेने जाणं सोडतात. आमच्याकडे हे सगळं दोन-तीन वर्षांत घडलं, आणि प्रत्येक टप्प्यावर आम्ही "मालक आला की बघू" म्हणत राहिलो.

आता कायदा काय म्हणतो. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यातल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, ज्या कृतीमुळे किंवा बेकायदा हयगयीमुळे सर्वसाधारण लोकांना किंवा आजूबाजूला राहणाऱ्यांना इजा, धोका किंवा त्रास होतो तो सार्वजनिक उपद्रव. यातला "हयगय" हा शब्द आपल्या कामाचा आहे. काही करणं हाच उपद्रव असतो असं नाही, जे करणं बंधनकारक आहे ते न करणं हाही उपद्रव ठरू शकतो. याची शिक्षा मात्र लहान आहे, कलम २९२ प्रमाणे १,००० रुपयांपर्यंत दंड. दंडाने भिंत पडायची थांबत नाही. म्हणून खरा उपयोगाचा कायदा दुसरा आहे.

तो म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होतं, आणि तहसीलमधले जुने कारकून अजूनही त्याला "एकशे तेहतीस"च म्हणतात. या कलमाखाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा शासनाने खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतो. कशासाठी, तेही कलमात लिहिलेलं आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा. लोकांच्या आरोग्याला बाधक धंदा. पडून कोणाला इजा होईल अशा स्थितीतलं घर, बांधकाम किंवा झाड. रस्त्याला लागून असलेली बिनकठड्याची विहीर किंवा खड्डा. आपल्या गावातले निम्मे त्रास या एका कलमात बसतात.

आदेशाला सशर्त का म्हणतात? कारण तो म्हणतो, अमुक दिवसांत भिंत उतरवा, आधार द्या किंवा दुरुस्त करा. मान्य नसेल तर अमुक तारखेला येऊन सांगा का करू नये. समोरच्याला म्हणणं मांडायची संधी आहे. तो आला, तर चौकशी होते. नव्या कायद्यात या चौकशीला ९० दिवसांची मुदत घातली आहे, लेखी कारण देऊन ती १२० दिवसांपर्यंत वाढवता येते. तो आला नाही आणि कामही केलं नाही, तर आदेश कायम होतो. तरीही ऐकलं नाही तर दंडाधिकारी ते काम स्वतः करवून घेऊ शकतो आणि खर्च त्या बांधकामाचं साहित्य विकूनसुद्धा वसूल करू शकतो. चौकशी चालू असताना गंभीर धोका समोर दिसत असेल, तर तोवर थांबावं लागत नाही, तातडीचा मनाई हुकूम काढण्याची वेगळी तरतूद कलम १६१ मध्ये आहे.

आणि हरवलेल्या मालकाचं काय? कलम १५३ सांगतं की आदेश समन्ससारखा बजावायचा, आणि तसा बजावता आला नाही तर जाहीर उद्घोषणा करून, योग्य त्या ठिकाणी चिकटवून कळवायचा. म्हणजे मालक पुण्यात आहे की सुरतेत, यावर गावाची सुरक्षितता टांगून ठेवलेली नाही. शिवाय आदेश फक्त मालकाच्याच नावाने निघतो असंही नाही. जागा ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे त्याच्या नावानेही निघतो. मला हे कळलं त्या दिवशी शेळीवाल्या बाईची आठवण येऊन फार वाईट वाटलं, कारण भिंत पडायच्या आधीच हे करता आलं असतं.

या कलमाचा जोर किती, हे १९८० सालच्या रतलामच्या खटल्यात दिसतं. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात एका वस्तीतले लोक उघड्या गटारांना आणि दारूच्या कारखान्यातून वाहून येणाऱ्या घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला काम करायचा आदेश दिला. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात स्पष्ट सांगितलं गेलं की पैशाची अडचण हे लोकांच्या आरोग्याचं मूलभूत कर्तव्य टाळायचं कारण होऊ शकत नाही. सुरुवात कोणी केली होती? त्या वस्तीत राहणाऱ्या साध्या लोकांनीच.

ग्रामपंचायतीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. "सरपंच पाडून काऊन टाकत नाही?" असं आपण सहज म्हणतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला अतिक्रमण आणि अडथळे काढायचा अधिकार दिला आहे, पण तो सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या सार्वजनिक जागांवरचा. वाड्याची माती आणि दगड गल्लीत येऊन पडले असतील तर ते पंचायत हटवू शकते. खाजगी जागेत उभी असलेली भिंत पाडायला मात्र तिला या कलमाचा आधार नाही. म्हणून पंचायतीकडे पाडापाडी मागू नका. तिच्याकडे ठराव मागा.

ठराव ग्रामसभेत होतो. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि बहुतेक गावांत ती कोरमअभावी तहकूब होते. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जे कमी असेल ते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अट नसते. त्यामुळे पहिल्या दिवशी माणसं आली नाहीत म्हणून नाउमेद होऊ नका, दुसऱ्या सभेला पक्की माणसं घेऊन जा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, ती कागदावर न ठेवता खरोखर भरवा. आमच्याकडे गाडी खऱ्या अर्थाने हलली ती बचतगटाच्या बायांमुळे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जमणाऱ्या गुरुदेव सेवा मंडळाच्या जुन्या मंडळींनी सह्या गोळा करायला साथ दिली. राजकारणाचे दोन्ही गट त्या एका ओट्यावर बसतात, दुसरीकडे बसत नाहीत.

ठरावात काय लिहायचं यावर मी जरा थांबतो, कारण इथेच बहुतेक अर्ज फसतात. आमच्या पहिल्या अर्जात लिहिलं होतं, "सदर वाडा गावास डोकेदुखी झालेला असून वारसदार लक्ष देत नाहीत, तरी योग्य ती कारवाई व्हावी." या वाक्यात अधिकाऱ्याला धरायला काहीच नाही. दुसऱ्या अर्जात आम्ही असं लिहिलं: रस्त्याला लागून असलेली भिंत अंदाजे इतके फूट उंच, रस्त्याकडे इतकी झुकलेली. या रस्त्याने रोज शाळेत जाणारी मुलं इतकी. अमुक तारखेला भिंतीचा भाग पडून शेळी दगावली, पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवलं. सोबत तारखेसह फोटो, शेजारच्या घरांतल्या लोकांच्या सह्या, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, ग्रामपंचायतीच्या कर नोंदवहीचा म्हणजे नमुना ८ चा उतारा. कोण वाईट आणि कोणाचं चुकलं, याबद्दल एक शब्दही नाही. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या नावाने, कारण तेच उपविभागीय दंडाधिकारी असतात; प्रत तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. पुढे हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात विचारता येतं की अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय झालं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा त्या प्रश्नानेच फाईल वर येते.

नमुना ८ च्या उताऱ्यावरून भांडू मात्र नका. ती नोंद कराची आहे, मालकीचा पुरावा नाही. त्यावर नाव आहे म्हणून कोणी मालक ठरत नाही आणि नाव नाही म्हणून कोणाचा हक्क जात नाही. गावठाणातल्या जागांची नीट मोजणीच पूर्वी झालेली नसल्याने हा गोंधळ आहे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावची चौकशी सुरू असेल तर बाहेरगावच्या वारसांना जरूर कळवा. जागा आपल्या नावावर लागते म्हटलं की माणूस सुट्टी काढून गावाला येतो, आणि आलाच आहे तर भिंतीचाही विषय निघतो. आमचा नागपूरचा नातू असाच आला.

दारू आणि जुगाराचा रस्ता वेगळा आहे, तो थोडक्यात सांगतो. अवैध दारूचा गुत्ता चालवणं आणि तिथे पिताना सापडणं, दोन्ही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हे आहेत. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमात जुगाराचा अड्डा चालवणाऱ्यासोबत जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही सापडतो. हे पोलिसांचं काम आहे, तिथे १५२ चा अर्ज करत बसू नये. वर्धा जिल्ह्यात आणि १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. ज्या जिल्ह्यांत परवाने आहेत तिथे गावातलं दुकान बंद करण्यासाठी उभी बाटली-आडवी बाटली मतदान मागता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मात्र हे मतदान परवान्याच्या दुकानासाठी आहे. पडक्या घरात चालणाऱ्या चोरट्या विक्रीला मतदान कशाला हवं, ती मुळातच बेकायदा आहे.

एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. "उपद्रव" हा शब्द हातात आला की तो गरिबाच्या दारावर सगळ्यात आधी नेला जातो. पारधी बेड्यावरचं पालाचं घर, गायरानावर कुडाची झोपडी बांधून राहिलेली परित्यक्ता, गल्लीत बकऱ्या बांधणारा भूमिहीन, यांच्याविरुद्ध ठराव करायला गावातल्या बड्यांना वेळ लागत नाही. त्याच बड्यांचा पडका कोठा मात्र कोणाला दिसत नाही. उपद्रव म्हणजे एखाद्या जागेची धोकादायक अवस्था. माणूस उपद्रव नसतो. ज्याच्या घरात चूल पेटते त्याची भिंत झुकली असेल तर त्याला नोटीस नको, घरकुलाच्या यादीत नाव हवं. आमच्या ग्रामसभेत एकाने वाड्याच्या ठरावालाच एका बेड्याचा विषय जोडायचा प्रयत्न केला होता. बचतगटाच्या अध्यक्ष बाईंनी उठून विचारलं, "तिथं कोणती भिंत पडून राह्यली, भाऊ?" तो विषय तिथेच बारगळला.

वारसदारांनाही दुष्ट समजू नका. त्यांच्याशी बोलल्यावर कळतं की त्यांना वाडा सोडायचा नसतो आणि बांधायला पैसा नसतो. शिवाय एकाने भिंतीला हात लावला तर बाकीच्यांना वाटतं हा जागा घशात घालतोय. म्हणून बोलावताना सगळ्यांना बोलावा, आणि सगळ्यांमध्ये मुलीही येतात. हिंदू वारसा कायद्यात २००५ ला झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. वाड्याच्या दोन नाती अकोट आणि कारंज्याला दिलेल्या होत्या, त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना पत्र गेलं आणि त्याच पहिल्या आल्या. धाकटीने गल्लीत उभं राहून भिंत पाहिली आणि म्हणाली, "आबाजीच्या वाड्यानं कोनाचं लेकरू मेलं तर आमाले काय तोंड राहीन?"

आमच्या प्रकरणात आदेश कायम व्हायची वेळ आली नाही. सशर्त आदेशाची नोटीस वाड्याच्या उरलेल्या चौकटीवर चिकटवली गेली, तेव्हा तंटामुक्त समितीसमोर सगळे वारस एकत्र बसले. मालकी जशी आहे तशी राहील, भिंत उतरवल्याने कोणाचा हक्क कमी-जास्त होणार नाही, असं स्टॅम्प पेपरवर लिहिलं गेलं. या एका वाक्यासाठी सगळं अडलं होतं. भिंती वरून खाली, हाताने उतरवल्या. जेसीबी लावला असता तर शेजारच्या दोन घरांना हादरा बसला असता. सागाच्या मयाली म्हणजे तुळया मोजून, यादी करून एका कडेला रचल्या. निंबाचं झाड तसंच ठेवलं.

जागेला तारेचं कुंपण आहे. वारसांच्या लेखी परवानगीने तिथे बचतगटाच्या बाया उन्हाळ्यात मिरच्या आणि कुरड्या वाळवतात. परवानगी दोन वर्षांची आहे, येत्या अक्षय तृतीयेला संपते. मुदत वाढवायला नागपूरचा नातू येणार आहे, आणि मिळकत पत्रिकेवर पाचही जणांची नावं लागली का, तेही त्याच वेळी बघायचं आहे.